वरच्या गल्लीतली आठ कुत्री

"मला चार वेळा कुत्रं चावलंय, आणि त्यातल्या तीन वेळा चूक माझी होती," असं टपालबाई एकदा म्हणाल्या होत्या. ऐकणारे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पोटरीवरचा वण दाखवला, एखादा जुना शिक्का दाखवावा तसा, आणि म्हणाल्या, "हा बघा, हा सगळ्यांत सुबक. कारकुनाचा."

कारकून हे कुत्र्याचं नाव. त्याची गोष्ट पुढे येईलच. आधी बाई.

सत्तावीस वर्षं त्या दारोदार पत्रं वाटत होत्या, त्यातली शेवटची एकोणीस एकाच भागात. ठेंगण्या, रुंद हाडाच्या. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली, पिशवीनं ओढून कायमचा उतरलेला. बोलणं असं की, सही घ्यायला दारात उभ्या राहिल्या की आतलं दूध उतू जायचं. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, नवव्या मजल्यावर. बाई मात्र एका लाँड्रीच्या मागे दोन खोल्यांत राहत होत्या. खोल्यांना दिवसभर इस्त्रीच्या वाफेचा वास यायचा आणि भिंती हिवाळ्यातही कोमट असायच्या. "मला फुकटात शेगडी मिळालीय," असं त्या सांगायच्या.

या दोन खोल्यांत कारकून आला तो असा.

त्यांच्या भागात व्हायोलिन शिकवणारे एक मास्तर होते. तळमजल्याचं घर, दाराला पत्रं टाकायची फट, आणि फटीमागे कुत्रं. तपकिरी, आखूड पायांचं, एक कान उभा आणि एक पडलेला. बाईंनी पत्र आत सरकवलं की ते दातांत धरायचं, उलटसुलट हुंगायचं, विचारात पडल्यासारखं थोडा वेळ थांबायचं, आणि मगच पायपुसण्यावर ठेवायचं. म्हणून मास्तरांनी त्याला कारकून म्हणायला सुरुवात केली. पत्राबरोबर बोटं आत घालू नयेत, हा या धंद्यातला पहिला धडा. बाई एकदा तो विसरल्या आणि कारकुनानं बोटं तपासली. दुसऱ्यांदा दार उघडं होतं. पोटरी तेव्हाची.

दोन हिवाळ्यांपूर्वी मास्तर गेले. पुतणी आली, एका दुपारात व्हायोलिनं वाटून मोकळी झाली. कुत्रं कोणी मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी बाई नेहमीसारख्या आल्या. मेलेल्या माणसांनाही पत्रं येतच राहतात. जग एवढ्या लवकर कोणाचा पत्ता खोडत नाही. त्यांनी पाकीट फटीतून सरकवलं. आत हुंगल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग तेच पाकीट, एका कोपऱ्यावर ओलं, फटीतून परत बाहेर आलं.

सत्तावीस वर्षांत इतकं नियमानं परत केलेलं पत्र बाईंनी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी त्या पुतणीकडून साखळी मागून घेऊन आल्या.

तेव्हापासून दोघं एकत्र. कारकून आता दहा वर्षांचा होता, थोडा जाड, फारसा भुंकत नसे, आणि अनोळखी माणसाकडे असा बघे की त्याच्या कागदपत्रांत काहीतरी कमी आहे असं त्या माणसालाच वाटावं.

एके दिवशी लाँड्रीवाला हात पुसत आला. म्हणाला, "बाई, विकली जागा. मोटारी उभ्या करायला करणारेत इथे सगळं सपाट. महिनाअखेरीला खाली करायचंय."

"आणि तुम्ही?"

"मी भावाकडे. तुम्ही मुलाकडे जाल ना?"

जायला हरकत काय, असं सगळ्यांनाच वाटत होतं. मुलाचा फोन त्याच संध्याकाळी आला.

"आई, आता ऐक माझं. खोली तयार आहे तुझी. लिफ्ट आहे, ऊन येतं."

"आणि कारकून?"

मागून सून म्हणाली, "नियम आहे इथला, सांगा ना त्यांना. मासे चालतात म्हणावं."

"मासे पाळ, आई. शांत असतात."

"शांत काय, मेल्यासारखे असतात. संध्याकाळी फिरायला कसे नेऊ त्यांना? बादलीत घालून?"

"आई, चेष्टा नको. गावाबाहेर प्राण्यांचा आश्रम आहे, मी फोन केलाय. स्वच्छ आहे, जाळीचे कप्पे आहेत. महिनाअखेरीला घेतो म्हणालेत. कोणीतरी दत्तक नेईलही त्याला."

"दहा वर्षांचं चावरं कुत्रं कोण नेतंय, बाबा? मला तरी कोणी नेलं असतं का?"

"मग काय कुत्र्यापायी रस्त्यावर राहणार तू?"

"सत्तावीस वर्षं रस्त्यावरच आहे रे मी," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. कारकून दाराशी आडवा पडला होता. जाळीचा कप्पा म्हणजे किती बाय किती, हे त्यांनी मुलाला विचारलं नव्हतं. विचारायचा धीर झाला नव्हता.

मग सुरू झाली घरं बघणं. टपाल वाटून झालं की बाई निघायच्या, कधी कारकुनाला घेऊन, कधी मुद्दाम न घेता. नदीकाठच्या इमारतीत पाच किलोपर्यंतचं कुत्रं चालत होतं. बाईंनी कारकुनाला टपाल कार्यालयात नेऊन पार्सलच्या काट्यावर उभं केलं. काटा चोवीस किलोंवर जाऊन स्थिरावला. पत्रं खणांत लावणारा उंच माणूस, ज्याला सगळे लंबू म्हणत, वाकून आकडा वाचत म्हणाला, "बाई, एवढं वजन साध्या दरानं जाणार नाही. दोन भाग करावे लागतील."

"तुझे करते आधी."

दुसऱ्या एका वसाहतीत कुत्रं चालत होतं, पण सामानाच्या लिफ्टनंच न्यायचं, तोंडाला जाळी लावून, आणि 'भुंकणार नाही' असं लिहून द्यायचं. "लिहून कोणी द्यायचं?" बाईंनी विचारलं. "मालकानं." "मग ठीक आहे, मी नाही भुंकत," त्या म्हणाल्या. तिथल्या माणसाला विनोद समजला नाही, तेव्हा घरही मिळणार नाही हे बाईंना समजलं. एका आजोबांनी तर सगळं मान्य केलं, चावी हातात दिली, आणि मग विचारलं, "बाई, तुम्ही टपाल खात्यातल्या, म्हणजे सकाळी लवकर उठत असाल? दार वाजतं का तुमचं?" कुत्रं चालत होतं, बाई चालत नव्हत्या.

महिना निम्मा संपला. एका सकाळी, पत्रं लावता लावता, बाई हातातलं पाकीट तसंच धरून थांबल्या.

टपाल कार्यालयाच्या मागच्या खोलीत भिंतभर लाकडी खण आहेत. एकेका घराचा, कुठे एकेका गल्लीचा, एकेक खण. ज्या घरात कुत्रं, त्या खणाला लाल कार्ड टाचलेलं असतं. नवा माणूस बदलीवर आला तर त्याला आधीच कळावं म्हणून. कार्डावर दोन शब्द: 'मोकळं असतं', 'फक्त छत्रीवर राग', 'मालक म्हणतो काही करत नाही. करतं.' बाईंनी आयुष्यभर ही लाल कार्डं वाचली होती आणि त्या घरांपुढे पाऊल जपून टाकलं होतं. आज पहिल्यांदाच ती भिंत त्यांना निराळी दिसली. जगानं आपल्याला जिथे जिथे जाऊ नको म्हणून सांगितलं, त्याचा हा नकाशा. आणि आता राहायला जायचं तर तिथेच.

"लंबू, कागद दे रे एक."

"काय लिहिताय?"

"शत्रूंचे पत्ते."

चार दिवस त्यांनी लाल कार्डांची घरं पालथी घातली. तिथे एक नवीनच गोष्ट कळली: ज्याच्याकडे कुत्रं आहे, त्याला दुसऱ्याचं कुत्रं अजिबात नको असतं. "आमचा फार हळवा आहे हो," असं एक बाई म्हणाली. तिच्या मागून तो हळवा फाटक खात होता. यादीतलं शेवटचं नाव उरलं, आणि ते बाईंनी मुद्दामच शेवटी ठेवलं होतं.

वरची गल्ली. त्यांच्याच भागातली. रस्त्यावरून एकशे बारा दगडी पायऱ्या चढून जायचं, वर एका ओळीत आठ घरं. तिच्या खणावर सगळ्यांत जुनं, कडा काळवंडलेलं कार्ड होतं: 'कुत्री आठ. मोठी. वर जाऊ नये. टपाल खिडकीवरून न्यावे.' बाईंच्या आधी हा भाग नाना सांभाळत. त्यांनी पहिल्याच दिवशी जिन्याच्या पायथ्याशी थांबून, आवाज खाली आणून बाईंना सांगितलं होतं, "इथे नको. मी एकदाच गेलो होतो." एकोणीस वर्षं बाई त्या पायऱ्यांखालून भराभर जात आल्या होत्या. वरून कधी भुंकणं ऐकू आलं नव्हतं, पण त्यानं उलट भीती वाढत होती. भुंकणारी चावत नाहीत म्हणतात; मग ही आठ न भुंकणारी काय करत असतील?

आणि त्याच आठवड्यात, वरच्या गल्लीतल्या एका कुटुंबाचा पत्ता बदलल्याचा अर्ज बाईंच्या हातात आला. दुसऱ्या गावी गेले होते. म्हणजे एक घर रिकामं. जिथे आठ कुत्री सुखानं नांदतात, तिथे नववं कोणाला जड होणार?

रविवारी सकाळी बाईंनी खिशात बिस्किटं भरली, रिकामी पिशवी पोटापुढे ढालीसारखी घेतली, आणि कारकुनाला म्हणाल्या, "हे बघ, आपण पाहुणे आहोत. आठ जणांपुढे शहाणपणा करायचा नाही."

चाळिसाव्या पायरीला श्वास लागला. सत्तराव्या पायरीला कारकून बसला. शंभराव्या पायरीला बाईंना स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येऊ लागले. वर पोहोचल्या तर ऊन होतं. आठ घरं, आठ पडव्या, कुंड्या, दोरीवर वाळणारी चादर. कुठे काही हललं नाही. एका पडवीत एक म्हातारी बाई उघड्या छत्र्यांच्या गराड्यात बसून छत्रीची काडी वाकवत होती. छत्र्या दुरुस्त करणं हाच तिचा धंदा. तिला सगळे छत्रीआजी म्हणतात हे नंतर कळलं.

"कोण हवंय?" आजींनी विचारलं.

"आजी, तुमची कुत्री बांधलेली आहेत ना?" बाईंनी भिंतीला पाठ टेकवूनच विचारलं.

"कोणाची?"

"गल्लीतली. आठ."

आजींनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, या गल्लीत कुत्रं कधी नव्हतंच. हे तू आणलंस तेच पहिलं."

बाई पायरीवर बसल्या. कारकून बसला. बिस्किटांचं काय करावं ते न सुचून बाईंनी त्यातलं एक स्वतःच खाल्लं.

पाणी पिता पिता सगळं उलगडलं. गल्लीचं टपाल खाली, टपाल कार्यालयाच्या खिडकीवर येतं, आणि दर आठवड्याला एका घराची पाळी: टोपली घेऊन उतरायचं आणि सगळ्यांची पत्रं आणायची. "पायऱ्या असलेल्या गल्लीला खात्याचा तसा नियमच आहे ना," आजी म्हणाल्या. "पूर्वीचे पोस्टमन येऊन स्वतः सांगून गेले होते. बिचारे खालूनच ओरडले."

रिकामं घर आजींचंच होतं: दोन खोल्या, मागे छोटी गच्ची, कारकुनाच्या उंचीला बरोबर बसणारा कठडा. आजींची ना नव्हती. पण गल्लीची एक रीत होती. आठ घरांना जिना एकच, म्हणून जे ठरेल ते आठांनी मिळून. एकही घर नको म्हणालं, तर नको. आणि एक घर नको म्हणणार होतं. शेवटच्या पडवीत एक दांडगा माणूस खुर्च्यांना वेत विणत बसला होता. कारकून दिसल्याबरोबर तो अर्धी विणलेली खुर्ची उचलून आत गेला आणि त्यानं कडी लावली.

"येत्या शनिवारी दुपारी बसू सगळे," आजी म्हणाल्या. "तोवर बघते मी."

महिना संपायला तेव्हा अकरा दिवस होते. शनिवारी पाच उरणार होते.

बाई तिथून थेट नानांकडे गेल्या. नाना आता लेकीकडे असत, खिडकीशी खुर्ची, गुडघ्यांवर घोंगडं.

"नाना, वरच्या गल्लीत कुत्रं नाही."

"अरेरे. कधी गेलं?"

"कधी नव्हतंच."

नानांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "ती आठ कुत्री नव्हती गं," ते म्हणाले. "माझे दोन गुडघे होते ते."

"मग आठ कशाला लिहिलीत?"

"आठ घरं. म्हटलं कोणाला कमी-जास्त नको."

"एकोणीस वर्षं मी त्या जिन्याखालून जीव मुठीत धरून गेले! मला वर दात दिसायचे, नाना. मला तरी खरं सांगायचं!"

"तुला सांगितलं असतं तर तू चढली असतीस. मग लोक म्हणाले असते, ही बाई चढते, तर या गड्याला काय धाड भरली होती? माझी अब्रू त्या पायऱ्यांवर पसरलेली होती गं." आणि थोडं थांबून, "बाकी कशी आहे गल्ली? हवा बरी असेल नाही वर?"

बाईंना रागवायचं होतं, पण राग पूर्ण भरेना. परतताना कारण कळलं. ते कार्ड खरं आहे का, हे त्यांनी एकोणीस वर्षांत एकदाही तपासलं नव्हतं. रोज तिथून जाताना त्या घाबरत होत्या आणि रोज त्यांच्या पायांना सुटल्यासारखं वाटत होतं. भीती आणि आराम एकाच कार्डावर, एकाच शाईनं लिहिलेले. आपण ज्याला भीती म्हणतो, तिच्या पोटात किती विश्रांती दडलेली असते, हे कोण उकलून बघतो?

सोमवारी सकाळी त्यांनी खणावरचं कार्ड उपसलं. टाचणी गंजली होती, चिमट्यानं काढावी लागली. पोस्टमास्तरीणबाई चष्म्यावरून बघत होत्या.

"विचार करा हं. चौकशी होईल. इतकी वर्षं वर कोणी का गेलं नाही, विचारतील."

"लिहा की, बाईला समजायला एकोणीस वर्षं लागली."

"आणि एकशे बारा पायऱ्या रोज? दोन वर्षं उरलीत तुमची."

"पायऱ्या मोजून ठेवल्यात वाटतं तुम्ही? म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं."

पोस्टमास्तरीणबाईंनी चष्मा वर सरकवला आणि त्या शिक्के मारायला लागल्या.

त्या दिवशी वरच्या गल्लीत पहिल्यांदा टपाल चढून आलं. दारांना पत्रं टाकायची फट नव्हती, पेट्या नव्हत्या. कधी गरजच पडली नव्हती. एक सूनबाई हातात पत्र घेऊन, "आता हे कुठे ठेवायचं?" असं विचारत उभी राहिली. शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर जरा हिरमुसले. "म्हणजे आमची पाळी बंद? अहो, पाळी असली की सगळ्यांची पोस्टकार्डं वाचता यायची."

"आता समोरासमोर विचारत जा."

"त्यात काय गंमत!"

शेवटच्या घरी कडी लावलेलीच होती. बाईंनी दार वाजवलं. आतून वेतवाल्याचा आवाज आला, "कुत्रं आहे का बरोबर?"

"नाही. कामावर आणत नाही त्याला."

दार चार बोटं उघडलं. वेतवाल्यानं पत्र घेतलं, पाहिलं, आणि म्हणाला, "ही लाच आहे का, बाई? शनिवारसाठी?"

"हे उशिरा आलेलं टपाल आहे," बाई म्हणाल्या. "शनिवारी तुम्ही नको म्हणालात, तरी सोमवारी मी येणारच. ते वेगळं, हे वेगळं."

दार बंद झालं, पण या वेळी कडीचा आवाज आला नाही.

आठवडाभर बाई रोज चढल्या. गुरुवारी गुडघा सुजला, शुक्रवारी त्यांनी त्याला शिव्या घातल्या. रोज रात्री मुलाचा फोन यायचा. शुक्रवारी तो म्हणाला, "आई, बुधवारी गाडी पाठवतायत ते, आश्रमातले. मी हो म्हणून ठेवलंय. नुसतं ठेवलंय." बाई बरं म्हणाल्या. कारकुनाच्या गळपट्ट्यावर व्हायोलिनच्या मास्तरांचा जुना पत्ता खोदलेला होता. त्यावर नवा काय घालायचा, हे त्यांना ठरवता येत नव्हतं, म्हणून तो तसाच होता.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत त्या घरी जाऊन कारकुनाला घेऊन आल्या. खांद्यावर दुपारच्या वाटपाची भरलेली पिशवी होतीच. भरलेल्या सातही घरांची माणसं आजींच्या पडवीत जमली होती. वेतवाला टोकाला उभा होता, पुढ्यात बिनबैठकीची खुर्ची धरून.

बाईंनी लाल कार्ड बाहेर काढलं आणि नानांची सगळी हकिकत सांगितली, गुडघ्यांसकट. आधी आजींच्या खांद्यांना हसू फुटलं, आणि मग सगळ्यांनाच.

मास्तरांनी कार्ड हातात घेऊन मोठ्यानं वाचलं. "म्हणजे सरकारदरबारी आपल्याकडे आठ कुत्री आहेत. वर्षानुवर्षं आपण त्यांची शिक्षा भोगली. आणि प्रत्यक्षात आलंय एक! मी म्हणतो, हे तर ठेवून घ्याच. आणि वर, उरलेली सात कुठे आहेत म्हणून खात्याला विचारा."

"तुम्ही थांबा हो मास्तर," आजी म्हणाल्या. "कोणाचं नको आहे?"

सगळ्यांनी वेतवाल्याकडे बघायचं टाळलं. सगळ्यांनीच टाळल्यामुळे ते बघण्याहून वाईट झालं.

"माझं," तो म्हणाला. एवढ्या मोठ्या माणसाचा एवढा लहान आवाज. त्यानं बाही वर केली. कोपराखाली मांस पिळून सोडल्यासारखं दिसत होतं. "सात वर्षांचा होतो. मी घर बघायला इथे आलो तेव्हा खोल्या पाहिल्या नाहीत, पाणी पाहिलं नाही. पायऱ्या चढून आलो, कुत्रं दिसलं नाही, घेतलं घर. लोक हसतात. हसोत. मला रस्त्यावर भीती वाटते. इथे वाटत नाही. एवढंच आहे माझ्याकडे."

बाईंनी रात्रभर जागून भाषण तयार केलं होतं. कारकून किती गरीब आहे, म्हातारा आहे, वगैरे. ते त्यांनी केलं नाही. त्या म्हणाल्या, "मीही महिनाभर हेच शोधत फिरतेय हो. फक्त उलट्या बाजूनं. तुमचं बरोबर आहे."

त्या उठायला लागल्या. साखळी गुंडाळू लागल्या. बुधवारची गाडी त्यांच्या डोळ्यांपुढे येऊन उभी राहिली, मागचं दार उघडं टाकून.

"बाई," वेतवाला म्हणाला. "तुम्ही एवढी वर्षं दारोदार कशा गेलात? भीती नाही वाटली?"

"रोज वाटते."

"अजून?"

"अजून. ती जात नाही. उभं कसं राहायचं, तेवढं कळतं."

"कसं राहायचं?"

बाईंनी साखळी आजींकडे दिली आणि पडवीच्या मधोमध उभ्या राहिल्या. "असं. समोर नाही, तिरकं. पिशवी पोटापुढे. मूठ बंद, खाली सोडलेली. डोळ्यांत बघायचं नाही, शेपटीकडे बघायचं. आणि गोड बोलायचं नाही. गोड बोललं की त्यांना संशय येतो, माणसांसारखाच. त्याचं काम त्याला करू द्यायचं. त्याला फक्त कोण आलंय ते बघायचं असतं."

वेतवाला हळूहळू तिरका झाला. पिशवी नव्हती, म्हणून त्यानं ती बिनबैठकीची खुर्ची पोटापुढे धरली. म्हणजे ढाल होती, पण मधोमध भोक असलेली. मास्तरांना हसू आलं, आजींनी त्यांच्या पायावर छत्रीचं टोक ठेवलं.

"सोडा," वेतवाला म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

आजींनी साखळी सैल केली. कारकून उठला, आळस दिला, आणि त्याच्या त्या आखूड पायांनी पडवी ओलांडून गेला. खुर्चीचा पाय हुंगला. दुसरा पाय हुंगला. माणसाची चप्पल हुंगली. वेतवाल्यानं डोळे शेपटीवर रोखले होते, इतके की ती शेपटी थांबली असती तर त्याचं हृदयही थांबलं असतं. मग कारकुनानं एक मोठा उसासा टाकला आणि त्याच्या पावलांवर, दोन्ही पावलांवर, चोवीस किलोंनिशी आडवा झाला.

"आता?" वेतवाला ओठ न हलवता म्हणाला.

"आता काही नाही. झालं."

"पाय काढू?"

"काढा की. झोपलंय ते."

त्यानं पाय काढले नाहीत. थोड्या वेळानं खुर्ची खाली ठेवली. मग घसा खाकरला. "मी याला खायला घालणार नाही."

"नका घालू."

"आंघोळ घालणार नाही. नावानं हाक मारणार नाही."

"नका मारू."

"आणि माझ्या वेताला तोंड लावलं, तर?"

"तर मलाच चावा," बाई म्हणाल्या. "मला सवय आहे."

पडवीभर हसू पसरलं. वेतवाला एकटाच हसला नाही. तो खाली, आपल्या पावलांवरच्या त्या तपकिरी ओझ्याकडे बघत होता. "बरं," तो म्हणाला. "येऊ द्या."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. आता बाई बोलणार, निदान अर्धा तास तरी, म्हणून आजींनी उशी पाठीशी सरकवून घेतली. बाईंनी तोंड उघडलं. काही आलं नाही. त्यांनी ते मिटलं, पुन्हा उघडलं. खाली रस्त्यावर कुठेतरी दोनचा ठोका पडला. पिशवीत दुपारचं टपाल होतं.

बाईंनी आजींच्या हातातलं साखळीचं टोक घेतलं आणि ते वेतवाल्याच्या हातात दिलं, त्याची बोटं एकेक करून त्यावर मिटवली. पिशवी डाव्या खांद्याला अडकवली.

"अहो! अहो बाई! हे धरून मी काय करू?"

बाई तोवर पडवीतून बाहेर पडल्या होत्या. मागे न बघता, एक शब्दही न बोलता, सुजलेला गुडघा जपत त्या पायऱ्या उतरू लागल्या.